गिऱ्हाईकासमोर सुटलेली जीभ



कल्याणच्या पुढे राहणाऱ्या एका भगिनीचे पत्र आमच्याकडे आले आहे. चार पाने भरून आहे. नाव छापू नये अशी तिची विनंती आहे, म्हणून नाव देत नाही आणि ओळख पटेल असा मजकूरही गाळला आहे. पण प्रश्न तिच्या एकटीचा नाही. आज आपल्या वस्त्यावस्त्यांतून कुणी झेरॉक्सचे दुकान टाकले आहे, कुणी गॅरेज, कुणी खानावळ, कुणी पार्लर. बाप गिरणीत किंवा नगरपालिकेत कामाला आणि मुले-सुना मालक, अशी आपल्यापैकी कित्येक घरांतली ही पहिलीच पिढी. नोकरी कशी टिकवावी हे आपल्याला बापाने शिकवले. हाताखालचा माणूस कसा सांभाळावा, हे शिकवणारे घरात कुणी नव्हते.

या भगिनीचे लेडीज टेलरिंगचे दुकान आहे. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या कर्जातून सुरू केलेले. कर्ज तिच्या नावावर, परवाना तिच्या नावावर. नवरा रिक्षा चालवतो आणि संध्याकाळी गल्ल्यावर बसतो. शिलाईला दोन मुली आहेत आणि कटिंगला एक मास्तर. हे मास्तर म्हणजे नवऱ्याचे आतेभाऊ. वय साठीच्या पुढे. हात असा, की बाई समोर उभी राहिली की टेप लावण्याआधीच त्यांना मुंढा कळतो. नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हा या सुनेला मशीनवर बसवून पहिला ब्लाउज शिवायला त्यांनीच शिकवले. गिऱ्हाईक त्यांच्या हातासाठी येते आणि त्यांच्या तोंडामुळे जाते, असे ती लिहिते.

काय बोलतात? अंगाने भरलेली बाई आली की, "ताई, तुमचा ब्लाउज म्हणजे दोघींचा होतो, शिलाईपण दोघींची द्या." कॉलेजातल्या मुलीने पाठीचा गळा खोल सांगितला की, "एवढा कुणाला दाखवायचाय?" नवरा वारलेल्या एका बाईने लाल काठाची साडी फॉल-पिकोला आणली, तर चार जणींसमोर, "आता कशाला लाल?" शिलाईवरच्या मुलींना रोज जे ऐकावे लागते ते तिने लिहिले आहे, आम्ही छापत नाही.

भगिनी म्हणते, मी खाली मान घालून मशीन चालवत राहते. भाऊजींना सुनेने काय बोलायचे? नवऱ्याला सांगितले तर तो म्हणतो, "अगं, दादाची मस्करीच तशी. बायका हसतात की."

हसतात, हे खरे आहे. कापड टाकलेले असते, ॲडव्हान्स दिलेला असतो, लग्न चार दिवसांवर आलेले असते. अशा वेळी बाई दुसरे काय करणार? साहेब टाकून बोलला तर आपणही आजवर हसतच आलो. ते हसणे कशाचे होते, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. गिऱ्हाईक सहसा भांडत नाही. ते पुढच्या वेळी दुसऱ्या गल्लीने जाते आणि आपण म्हणतो, यंदा धंदा मंदा आहे.

आणखी एक गोष्ट या भगिनीने सहज लिहून टाकली आहे, पण आम्हांला ती फार महत्त्वाची वाटली. समोरच्या पोलीस लाइनीतल्या बाया येतात तेव्हा मास्तर एक वावगा शब्द बोलत नाहीत. म्हणजे जीभ ताब्यात नाही असे नाही. कुणापुढे सोडायची आणि कुणापुढे आवरायची, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. तेव्हा "वय झालं, स्वभावच तसा" ही सबब यापुढे नवऱ्याने सांगू नये.

एवढेच असते तर आम्ही चार ओळींत उत्तर दिले असते. पण पत्राच्या तिसऱ्या पानावर जे आहे, त्यासाठी हे सदर आज लिहीत आहोत.

भीमजयंतीच्या आधीचा आठवडा. दुकानात पांढऱ्या साड्यांचा आणि निळ्या ब्लाउजपिसांचा ढीग. मातंग समाजातील एक बाई मुलीच्या साखरपुड्याचे दोन ब्लाउज टाकायला आली. मापे झाली, कापड दिले, आणि शिलाईत वीस रुपये कमी करा म्हणाली. वीस रुपये कोण कमी करायला सांगत नाही? बाई पायरी उतरते न उतरते तोच मास्तर तिच्या जातीचे नाव घेऊन मोठ्याने बोलले. काय बोलले ते येथे देत नाही, वाचकांना समजते. दुकानातल्या दोघी हसल्या. बाई मागे फिरली, काउंटरवरून आपले कापड उचलले आणि मालकिणीला एवढेच म्हणाली, "भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो बघून आले होते, ताई."

बांधवांनो, दुकानाचा काउंटर म्हणजे आपल्या लोकांना काय होता ते आठवा. आपल्या आजीने मीठ-तेल कसे आणले? पायरीखाली उभे राहून. पैसे लांब ठेवायचे, वाण्याने त्यावर पाणी शिंपडून मग उचलायचे, आणि पुडी वरून ओंजळीत टाकायची. परमपूज्य बाबासाहेब परदेशातून शिकून आले, बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला परतले, तेव्हा शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याची पेढी त्यांनी काढली होती. एवढा अर्थशास्त्राचा पंडित. पण पेढी अस्पृश्याची आहे हे कळले तसे गिऱ्हाईक येईनासे झाले आणि ती बंद करावी लागली. काउंटरच्या दोन्ही बाजूंना आपण जातीचा मार खाल्ला आहे. आता काउंटर आपला झाला, आणि त्यावरून आपल्याच भावंड समाजातल्या बाईला तोच शब्द ऐकावा लागतो. श्रेणीबद्ध विषमता म्हणून बाबासाहेब जे सांगत होते, ते दुसरे काय होते? प्रत्येकाला आपल्याखाली कुणीतरी लागतो.

येथे काही वाचक म्हणतील, हा गुन्हा नाही का? ॲट्रॉसिटीचा १९८९ चा कायदा अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या माणसाने केलेल्या अत्याचाराला लागतो. मास्तर स्वतः अनुसूचित जातीतले, १९९० पासून बौद्धांनाही त्या सवलती आहेत, तेव्हा त्यांना तो कायदा लागत नाही. पण म्हणून शब्दाची धार कमी होत नाही. उलट, जेथे कायदा पोचत नाही तेथेच धम्माने माणूस थांबला पाहिजे.

भगिनी लिहिते की मास्तर साधा माणूस नाही. नामांतराच्या लढ्यात तुरुंगात गेलेला, लाठ्या खाल्लेला आहे. त्यांना बोलायची आमची काय लायकी? आम्ही त्यांच्या लढ्याला वंदन करतो. आणि म्हणूनच त्यांना एक नाव आठवून द्यावे असे वाटते. १९७८ साली नांदेड जिल्ह्यात नामांतरासाठी ज्यांनी प्राण दिले ते पोचिराम कांबळे मातंग समाजाचे होते. 'जयभीम' सोडायला ते तयार झाले नाहीत. मास्तर ज्या लढ्याचा अभिमान सांगतात, त्या लढ्यातले हे रक्त आहे. हे त्यांना ठाऊक नसेल असे नाही. पण कात्री चालवताना ते आठवत नसेल.

आता करायचे काय?

पहिले काम त्या बाईकडे जाण्याचे. मास्तरांशी बोलणे नंतर. मालकिणीने आणि नवऱ्याने, दोघांनी मिळून तिच्या घरी जावे. मिठाईचा पुडा नेऊ नये, शिलाई कमी करतो म्हणू नये, कापड परत द्या म्हणून आग्रह तर मुळीच करू नये. आमच्या दुकानात तुमचा अपमान झाला, तो आमचा दोष आहे, आम्ही माफी मागायला आलो, एवढे बोलून निघावे. "त्यांच्या मनात तसे नव्हते" हे वाक्य दारात उच्चारू नये. काय होते ते तिने ऐकले आहे.

मग मास्तर. भिक्खूने दुसऱ्या भिक्खूचा दोष दाखवायचा असेल तर आधी स्वतःशी पाच गोष्टी पक्क्या कराव्यात, असे त्रिपिटकात सांगितले आहे. विनयात आहे, अंगुत्तर निकायातही आहे. योग्य वेळी बोलेन, अवेळी नाही. खरे तेच बोलेन. मृदू बोलेन, कठोर नाही. त्याच्या हिताचे बोलेन. आणि मनात मैत्री ठेवून बोलेन, द्वेष ठेवून नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी संघासाठी घालून दिलेली ही रीत दुकानाला लागू पडते की नाही, हे वाचकांनीच पाहावे.

वेळ म्हणाल तर गर्दीत नाही, मुलींसमोर नाही, पगाराच्या दिवशी तर नाहीच. पगार हातात ठेवून दिलेली समज धमकी वाटते. रात्री शटर अर्धे खाली आल्यावर, चहा झाल्यावर बोलावे. मात्र पुढच्या वेळी गिऱ्हाईकासमोर ते काही बोलले, तर तेथे गप्प बसून रात्रीची वाट पाहायची नाही. त्याच क्षणी गिऱ्हाईकाकडे तोंड करून, "ताई, माफ करा, आमच्या दुकानात असं बोलत नाहीत," एवढे एकच वाक्य मालकिणीने म्हणावे आणि माप घ्यायला लागावे. मास्तरांशी वाद तेथे नको. त्या बाईला कळले पाहिजे की दुकान तिच्या बाजूला आहे. मालक गप्प राहिला की नोकराचा शब्द दुकानाचा होतो.

खरे तेच बोलायचे, म्हणजे "लोक काय काय म्हणतात" असे मोघम नको. मोघम बोलले की माणूस विचारतो, कोण म्हणतं ते सांग, आणि गोष्ट भलतीकडे जाते. अमुक दिवशी, अमुक बाईला, तुम्ही हे शब्द बोललात, मी स्वतः ऐकले. मापवहीच्या शेवटच्या पानावर तारीख घालून लिहून ठेवायलाही हरकत नाही. जे स्वतः ऐकले नाही ते बाजूला ठेवावे.

हिताचे म्हणजे, काय बोलू नका एवढेच न सांगता त्या जागी काय बोलायचे ते ठरवून द्यावे. आम्हांला यात सर्वांत जास्त आशा वाटते, कारण मास्तर कसबी आहेत आणि त्यांच्या प्रत्येक शेऱ्याच्या मागे कामाचा एखादा खरा मुद्दा असतोच. मोठ्या मापाला कापड जास्त लागते. ते सांगावेच लागते. पण त्याला शब्द आहेत: "ताई, ऐंशी सेंटिमीटरमध्ये बसणार नाही, मीटरभर आणा." पुढचा आणि पाठीचा, दोन्ही गळे खोल घेतले तर ब्लाउज खांद्यावरून उतरतो. मग तेच म्हणावे: "खांदा उतरेल, पाठीला डोरी लावू का?" मुलगी खूष होऊन जाईल आणि मास्तरांचे कसबही दिसेल. शिलाई कमी होत नसेल तर "एवढ्यात परवडत नाही, ताई." कापड, माप, शिलाई आणि तारीख, या चार गोष्टींबाहेर गिऱ्हाईकाशी बोलायचे कारणच नाही. आणि लाल काठाबद्दल काहीच बोलायचे नाही. धम्मात नवरा वारलेल्या बाईला वेगळा रंग नेमून दिलेला नाही. तो ज्यांनी नेमला त्यांना आपण १९५६ साली सोडून आलो.

बोलायचे कुणी? आमचे मत स्पष्ट आहे. मालकिणीने. परवान्यावर बायकोचे नाव आणि दुकानात आवाज नवऱ्याचा, असे आपल्याकडे किती ठिकाणी आहे ते वाचकांना माहीत आहे. सासूकडून निरोप धाडणे, गावाकडच्या आत्याला फोन करणे, हे तर करूच नये. दुकानाचा प्रश्न भाऊबंदकीत गेला की तो कधी सुटत नाही. नवऱ्याने शेजारी बसावे. "दादा, ही जे सांगते ते माझंपण म्हणणं आहे," एवढे सुरुवातीला सांगावे आणि गप्प राहावे. भगिनीनेही सुनेची अदब सोडण्याचे कारण नाही. "भाऊजी, कात्री धरायला तुम्ही शिकवलं, ते मी विसरणार नाही. पण या दुकानात गिऱ्हाईकाच्या अंगावर, जातीवर, आणि घरच्या दुःखावर कुणी बोलायचं नाही. तुम्हीपण नाही." भाऊजी या शब्दाने सुरू झालेले वाक्य मालकिणीच्या शब्दाने संपू शकते.

ते रागावतील. दोन दिवस येणार नाहीत, कदाचित. लग्नसराईत कटिंग अडेल, हीच नवऱ्याची खरी भीती आहे आणि ती खोटी नाही. सम्यक वाचा समजावताना बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात सांगितले आहे की ती कुणाच्या भीतीवर, कुणाच्या मर्जीवर किंवा होणाऱ्या नुकसानीवर अवलंबून नसावी. पण नुकसानीची तयारी करू नये, असे त्यांनी म्हटलेले नाही. दोन मुलींपैकी जिचा हात चांगला आहे तिला आजपासून कटिंगला बसवावे. अस्तराच्या कापडावर हात बसू द्यावा. एका माणसाच्या हातावर सारे दुकान टांगून ठेवले की त्याच्या तोंडापुढे मालकाला बोलता येत नाही, हे टेलरिंगलाच नव्हे तर गॅरेजलाही लागू आहे.

सांगूनही पुन्हा झाले, तर मास्तरांना काउंटरवरून आतल्या टेबलावर बसवावे, असे भगिनीने सुचवले आहे. गिऱ्हाईक वाचेल. पण आत त्या दोन मुली आहेत, त्यांचे काय? गिऱ्हाईक निदान दुसऱ्या दुकानात जाते, या मुली पगारासाठी रोज त्याच टेबलाशेजारी येतात. हा मार्ग आम्हांला पसंत नाही. मुलींना विचारल्याशिवाय तर मुळीच नाही.

आणि येथे कायदाही पोचतो, हे नवऱ्याने नीट ऐकावे. कामाच्या जागी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. नकोसे अश्लील बोलणेही त्यात येते, अंगाला हात लावला पाहिजे असे नाही. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या दुकानात समिती नेमावी लागत नाही, पण म्हणून दुकान सुटत नाही. अशा ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. तक्रार करणारी बाई तेथे नोकरीलाच असली पाहिजे अशी अट नाही. म्हणजे गिऱ्हाईक म्हणून आलेली ती कॉलेजची मुलगीसुद्धा तक्रार करू शकते. आणि कामाची जागा सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. आपल्या दुकानात परवाना कुणाच्या नावावर आहे ते वर लिहिलेच आहे.

एकदा समजावून, दुसऱ्यांदा स्पष्ट बजावून, तिसऱ्यांदाही तेच झाले तर मास्तरांना निरोप द्यावा. नाते राहील, दुकान वेगळे. नगावरचा हिशेब पै न् पै चुकता करावा, सणाला उचल दिली असेल तिची वजावट आत्ताच काढू नये, आणि ते दुसरीकडे कामाला लागले तर तेथे जाऊन त्यांच्या कागाळ्या सांगू नयेत. दुसऱ्या मालकाने स्वतःहून विचारले तर मात्र खरे सांगावे. मैत्री ठेवून बोलायचे याचा अर्थ खोटे बोलायचे असा होत नाही.

मास्तर ऐकतील असे आम्हांला वाटते. पत्रात एक ओळ आहे, की त्या दिवसानंतर दुपारचा डबा त्यांनी दोन दिवस उघडला नाही आणि कुणाशी बोललेही नाहीत. ती ओळ आम्ही पुन्हा पुन्हा वाचली. भगिनीने वाट पाहत बसू नये, याच आठवड्यात बोलावे.

गिऱ्हाईकच आपल्या मुलींना टाकून बोलते, आडनाव विचारून कापड परत नेते, त्याचे काय करायचे, असे बदलापूर आणि नाशिकच्या दोन वाचकांनी विचारले आहे. तो विषय मोठा आहे. त्यावर पुढील अंकी लिहू. ज्यांना असे अनुभव आले असतील त्यांनी चार ओळी लिहून पाठवाव्यात, नाव छापले जाणार नाही.

जयभीम.